यंत्र आणि हात

जामुलला सिमेंट कारखान्याच्या परिसरात राहणाऱ्या एका छत्तीसगढी शेजाऱ्यांकडे छट्ठीचे कांके पाणी, म्हणजे बाळाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी दिला जाणारा काढा, घेऊन परतताना, ‘हे अज्ञानाचे दप्तर आता बंद व्हावे’ असा शेरा एका सुशिक्षित स्नेह्यांनी मारला, तो मला अजून सलतो. आपल्याकडील पाचवी, सटवाई, तिच्यापुढला कोरा कागद आणि लेखणी यांची कैफियत वाचकांपुढे नव्याने मांडण्याचे कारण नाही. माझा आक्षेप आहे तो वैद्यक एकीकडे आणि गंडेदोरे दुसरीकडे, या स्नेह्यांनी गृहीत धरलेल्या वाटणीला.

इ. स. ९०० च्या सुमारास रचलेल्या वृंदाच्या ‘सिद्धयोग’ या वैद्यकग्रंथातच सुखप्रसवासाठी नऊ घरांचे अंकयंत्र सांगितले आहे : १६, ६, ८, २, १०, १८, १२, १४, ४. आडवी, उभी, तिरपी, कोणतीही ओळ घ्या, बेरीज ३० च येते; आणि प्रत्येक अंक निम्मा केला की जे पंधराचे यंत्र उरते, तेही किमयागार जाबिरच्या नावावरील अरबी ग्रंथांत प्रसूतीसाठीच नोंदलेले आहे. अनिश्चिततेच्या त्या घटकेस मनुष्याने अढळ बेरजेचा आश्रय घ्यावा, यात मला बुद्धीचा अभाव नव्हे, तिची व्याकुळता दिसते.

इलाज निराळा आणि दिलासा निराळा, हा भेद मी नेहमीच करीत आलो. दिलाशापायी इलाजास विलंब होतो, हे स्नेह्यांचे म्हणणे खरे आहे. परंतु जेथे इलाजच नव्हता, त्या काळावर हा आरोप लागू पडत नाही.

तथापि सगळा दिलासाही एका जातीचा नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरच्या सुमारास इंग्लंडमध्ये तयार झालेल्या, प्रार्थना लिहिलेल्या एका चर्मपट्टीच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात मध, दूध, अंडी यांच्याबरोबर स्त्रीदेहातील स्रावांचेही अंश आढळले. म्हणजे ती पट्टी प्रसूतिवेदनेच्या वेळी देहाशी होती. आपले यंत्र मात्र उंबऱ्यापलीकडूनही दाखवता येई. आणि ज्या बाळंतिणीला सोयर म्हणून आप्त शिवत नसत, तिला शिवणारी एकटी सुईण असे, बहुधा तीच जी एरवी हीन मानली जाई.

यंत्राचा कैवार घेण्यास निघालेला मी इथे येऊन म्हणतो की कैवार घ्यावयाचा तो त्या सुईणीच्या हाताचा. जे विधान माणसाला प्रसूतेजवळ आणते ते राखावे, जे त्याच्या अनुपस्थितीची भरपाई करते ते सोडावे. आणि हाच निकष, स्नेह्यांना प्रिय असलेल्या, आप्तांना दाराबाहेर थांबविणाऱ्या प्रसूतिगृहांनाही लावावा.