सुरा घेण्याचे प्रयोजन

गेली २२ वर्षं मी बँकेच्या काउंटरमागून लोकांना एकच प्रश्न विचारत आलो आहे : "कर्ज कशासाठी?" अर्जात 'प्रयोजन' नावाचा एक रकाना असतो. तो कोरा असेल तर अर्ज जागचा हलत नाही. म्हशीच्या कर्जात मुलीचं लग्न उरकणारी माणसं मी पाहिली आहेत. पण त्यांनीसुद्धा रकान्यात इमानेइतबारे म्हैसच लिहिलेली असते. हा प्रश्न मला स्वतःला पडायला मात्र वयाचं सेहेचाळिसावं वर्ष उजाडावं लागलं. निमित्त एका सुऱ्याचं.

झालं असं, की चिरंजीवांना घेऊन हरिश्चंद्रगडावर जायचं ठरलं. शाखेतला एक तरुण सहकारी दर शनिवारी डोंगरात असतो. तो म्हणाला, "साहेब, जंगलात जायचं तर न मिटणाऱ्या पात्याचा मोठा सुरा हवा. घडीचा चाकू सांध्यात दगा देतो." मला ते तत्काळ पटलं. चाळिशी उलटली की सांध्यांविषयी कुणीही काहीही सांगितलं तरी पटतं.

घरी ही म्हणाली, "न मिटणारं पातं आपल्याकडे तीन पिढ्यांपासून आहे. विळी. न्या हवी तर."

मी दुर्लक्ष केलं आणि अभ्यासाला लागलो. बी. कॉम.च्या परीक्षेला एवढा जागलो असतो तर आज मॅनेजर असतो. कळलं ते असं : कार्बनचं पोलाद झटकन धार घेतं, पण पुसून तेल लावलं नाही तर गंजतं. स्टेनलेस गंजायला कां-कूं करतं, आणि धार लावून घ्यायलाही तितकीच करतं. (आमच्या शाखेत दुसऱ्या प्रकारचीच भरती जास्त.) पात्याचं पोलाद मुठीच्या पार शेवटापर्यंत गेलेलं असावं; नाहीतर ऐन घावाच्या वेळी मूठ आपल्या हातात राहते आणि पातं स्वतंत्र प्रवासाला निघतं. पातं लांब असेल तर फांदी तुटते पण कांदा चिरता येत नाही. आखूड असेल तर कांदा चिरतो, पण तो काय, विळीवरही चिरतो.

लांबीचा निकाल अखेर आमच्या विधी अधिकाऱ्यांनी लावला. "नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल तर शस्त्रांच्या नियमांत येतं बरं का! शेतीसाठी, घरकामासाठी बनवलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तुमचं कशासाठी?" म्हणजे १९५९ च्या शस्त्र कायद्यालाही प्रयोजनाचा रकाना होताच! मी 'असंच' म्हणालो आणि आठ इंची मागवला.

सुरा आला. कातडी म्यान, काळी मूठ. कमरेला लावून आरशासमोर उभा राहिलो आणि पोट आत घेतलं. तेव्हाच शंका यायला हवी होती. मी पोलाद घेतलं होतं की ज्याला जंगलात सुरा लागतो असा एक माणूस?

पण हत्यार घरात आलं की ते काम मागतं. काम नसलं तर शोधून काढतं. त्याच रविवारी आम्ही बापलेक कॉलनीमागच्या टेकडीवर गेलो. वाटेत मनगटाएवढ्या जाडीचं एक गिरिपुष्पाचं झाड उभं होतं. मी दोन घाव घातले, ते आडवं झालं. "बघितलीस धार?" मी म्हणालो.

चिरंजीव पडलेल्या झाडाकडे बघत म्हणाले, "बाबा, पण ते का तोडलं?"

२२ वर्षं हाच प्रश्न विचारत आलेल्या माणसाला उत्तर सुचेना. धार बघायला, हे कारण अर्जात लिहिलं असतं तर मी स्वतःच तो परत केला असता. एरवी मी मुंगी चुकवून पाय टाकणारा माणूस. सुरा हातात नसता तर त्या झाडाकडे बघितलंही नसतं. मग ते झाड मी तोडलं, की सुऱ्यानं माझ्याकडून तोडवलं? दोष सुऱ्यावर ढकलावा, तर बापड्यानं स्वतःहून पैसे भरून माझ्या घरी यायची खटपट केली नव्हती.

एवढं होऊनही सुरा सॅकमध्ये घालून मी पाचनईला पोचलो. पायथ्याच्या या गावात एका घरी पिठलं-भाकरीला थांबलो. घरचे मामा ओटीवर बसले होते. कमरेमागच्या लाकडी आकडीत कोयता. ट्रकच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून घडवून घेतलेला. मूठ वापरून वापरून गुळगुळीत झालेली. मी कौतुकानं माझा सुरा काढून दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला, अंगठा धारेवर आडवा फिरवला आणि विचारलं, "काय तोडायचंय सायेब?"

"तसं काही नाही."

"मंग वागवायचं कशापायी?"

त्यांच्या कोयत्याचा रकाना भरलेला होता : राबासाठी फांद्या, जळण, कुंपण. माझ्या सुऱ्याला उत्तर नव्हतं. बिबट्याचं नाव घेणार होतो, पण बिबट्यासमोर मी आणि आठ इंच, हे चित्र मलाच हास्यास्पद वाटलं.

"वर नेऊ नका," मामा म्हणाले. "अभयारण्य हाये. चौकीवर अडवतील."

आणि खरंच आहे ते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार न्यायला मनाई आहे, आणि त्याच्या हत्यारांच्या व्याख्येत सुरीही येते. जंगलासाठी घेतलेला सुरा जंगलाच्या दारातच ठेवावा लागला. दिवसभर वर हिंडलो. देऊळ पाहिलं, कोकणकड्यावर पालथं पडून खाली पाहिलं. तोडायची वेळ एकदाच आली : बिस्किटाच्या पुड्याची. ती चिरंजीवांनी दातांनी निभावली.

परतीला सुरा घेताना मामी म्हणाल्या, "कांदा कापून बघितला. चेचतोय."

आता तो माळ्यावर आहे, तेल लावून. टेकडीवर मात्र मी दर रविवारी जातो. गिरिपुष्प चिवट, तोडलं तरी फुटतं. खुंटावर चार-पाच धुमारे आले आहेत. पण तो त्या झाडाचा गुण, त्याचं श्रेय माझ्या खात्यात जमा होत नाही. परवा चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, आपण रोज इथे कशासाठी येतो?"

मी म्हटलं, "रोज नाही, रविवारी." आणि मूळ प्रश्नाचा रकाना कोराच ठेवला.