वेळ मिळाल्यास प्रश्नोत्तरे

तालुक्याच्या गावी भरणाऱ्या कुठल्याही शिबिराची कार्यक्रमपत्रिका काढून बघा. नोंदणी व चहापान, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, उद्घाटनपर भाषण. दुपारी तज्ज्ञांचं मार्गदर्शन. आणि सगळ्यात खाली, आभारप्रदर्शनाच्या जरा वर, ‘वेळ मिळाल्यास प्रश्नोत्तरे’. वेळ मिळत नाही. पाहुणे दहाचे सव्वाबाराला येतात आणि ते सव्वादोन तास कुणाच्या वाट्यातून कापायचे हे पत्रिका छापतानाच ठरलेलं असतं.

बचत गटांच्या बायकांसाठी भरलेलं असं एक शिबिर मी पाहिलं. घरी केलेले पापड-लोणची विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी कशी करायची, हा विषय. साडेचारला माइकवरून विचारणा झाली, ‘कुणाला काही शंका?’ तोवर मागच्या रांगा रिकाम्या झालेल्या. वाड्यावस्त्यांकडची शेवटची एसटी पावणेपाचची. ज्यांना सगळ्यात जास्त विचारायचं होतं त्याच स्टँडकडे निघाल्या होत्या. दिवसभरातलं खरं शिबिर झालं ते जेवणाच्या रांगेत. एकीने हातात ताट धरूनच अधिकाऱ्यांना गाठलं: ‘साहेब, घर सासऱ्यांच्या नावावर, चूल माझी. मग अर्जात पत्ता कुणाचा घालू?’ मागच्या चौघी पुढे सरकल्या. साहेबांनी ताट खिडकीत ठेवलं आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर अर्जाचा रकाना आखून दाखवला.

हा अनुभव काही आपल्याच मांडवातला नाही. अमेरिकेतल्या हॅरिसन ओवेन या गृहस्थांनी 1983 मध्ये वर्षभर खपून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. आलेल्यांना विचारलं तर सगळ्यात उपयोगी काय, म्हणे कॉफीच्या सुट्ट्या! ओवेननी ते मनावर घेतलं. 1985 साली त्यांनी ‘ओपन स्पेस’ नावाची पद्धत करून पाहिली. गोलात खुर्च्या, समोर कोरी भिंत. ज्याला विषय मांडायचा त्याने कागदावर लिहून चिकटवायचा, आणि जिथे आपण शिकतही नाही, भरही घालत नाही, तिथून खुशाल उठून दुसऱ्या गटात जायचं. पुढे संगणकवाल्यांनी याच वळणाचा ‘बारकॅम्प’ 2005 मध्ये कॅलिफोर्नियात भरवला. वर्षभरात तो भारतातही आला.

म्हणून सगळंच मोकळं सोडावं असं मात्र मला वाटत नाही. मोकळा वेळ आपोआप सारखा वाटला जात नाही. जो फ्रीमन यांनी अमेरिकेतल्या स्त्रीमुक्ती गटांबद्दल 1970 च्या सुमारास हेच बजावलं होतं: नेता नाही असं जाहीर केल्याने नेतृत्व नाहीसं होत नाही, ते मैत्रिणींच्या आतल्या गोटात जाऊन बसतं आणि मग त्याला जाबही विचारता येत नाही. आपल्याकडे गोलात खुर्च्या मांडल्या तर आधी निवृत्त मुख्याध्यापक बोलतील, मग सरपंच. कोऱ्या भिंतीवर कागद लावायला लिहिता यावं लागतं. त्याहून जास्त, चारचौघांत उठून भिंतीपर्यंत जाण्याचा धीर लागतो.

आणि प्रश्न पत्रिकेच्याही आधी सुरू होतो. न्या. रानडे आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने 1878 मध्ये पुण्यात भरलेल्या ग्रंथकार सभेत आजच्या साहित्य संमेलनाचं मूळ आहे. 1885 च्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, ते त्यांनी पत्र लिहून नाकारलं. जे शूद्रातिशूद्रांचे माणूस म्हणून असलेले हक्क व्यवहारात मानत नाहीत, त्यांच्या सभेशी आमच्या सभांचा मेळ कसा बसणार, असा त्यांचा मुद्दा. निमंत्रण आदराचंच होतं. पण सभेत काय बोलायचं हे ठरवताना ज्यांना विचारलं नाही त्यांना नंतर खुर्ची देऊन काय साधणार? 1999 मध्ये धारावीत पहिलं विद्रोही साहित्य संमेलन भरलं तेव्हा मांडवच वेगळा घालावा लागला. अध्यक्ष तिथेही होते, बाबुराव बागूल.

अध्यक्ष, दिवा, हार यांच्याशी माझं भांडण नाही. पहिल्यांदाच एकटी घराबाहेर पडलेल्या बाईला पाहुण्यांसोबतचा फोटो आणि प्रमाणपत्र हवं असतं. दिवसभर कुठे होतीस, याला घरी दाखवायचा तो पुरावा असतो. समारंभ काढायचा नाही, त्याची जागा हलवायची. पत्रिका शेवटच्या एसटीपासून उलटी लिहायला घ्यावी. सकाळचा पहिला तास पाच-सहा जणींच्या गटांचा. एका गावच्या सगळ्या एका गटात नकोत, नाहीतर तिथेही गटाच्या अध्यक्षाच बोलतात. जिला लिहिता येतं तिने सगळ्यांचे प्रश्न उतरवायचे, स्वतःचा शेवटी. तज्ज्ञांनी ते ऐकायचे आणि मगच तोंड उघडायचं. स्लाइडींची चळत घेऊन आलेले तज्ज्ञ यावर नाराज होतात, होऊ द्यावं. कोपऱ्यात सतरंजी आणि लेकरं सांभाळायला एखादी मावशी असली तर दहा फ्लेक्सनी येत नाहीत इतक्या बायका येतात.

पाहुण्यांचं भाषण ठेवावं जेवणाच्या तोंडावर. आतून फोडणीचा वास येत असताना आजवर कुणी लांबलचक बोललेलं नाही. उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही, गट चालूच असतात. याला आडकाठी येते ती साहेबांच्या कार्यालयातून: त्या वेळी वार्ताहर असतील का? असतात. जेवण तेव्हाच असतं.