आपली बोली

जळगावजवळच्या असोदे गावच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात राबताना, जात्यावर दळताना त्या आपल्या खानदेशी बोलीत गाणी रचत. पुस्तकी मराठीची उसनी ऐट त्यांनी कधी आणली नाही. घरच्यांनी ती गाणी टिपून ठेवली; मुलाकडून, कवी सोपानदेवांकडून, ती आचार्य अत्र्यांपर्यंत पोचली आणि बहिणाबाई गेल्यानंतर, १९५२ साली, त्यांचा संग्रह निघाला. महाराष्ट्रानं तो डोक्यावर घेतला, तसाच्या तसा.

आपण मात्र घरी आईशी ज्या बोलीत बोलतो, ती ऑफिसची पायरी चढताच लपवतो. कशासाठी? आपला राग, लोभ, जिव्हाळा तिच्यातच तर खरा उमटतो. आज गावाकडून फोन आला, तर बाजूला जाऊ नका. चारचौघांत, आपल्या बोलीत, मोकळेपणानं बोला.