आजचं चिंतन : आत वाजणारा रातकिडा
(भगवद्गीता, अध्याय २, श्लोक १४)



आजच्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की इंद्रियं आणि विषय यांची गाठ पडली की थंडी-ऊन, सुख-दुःख जाणवतं. ते येतं आणि जातं, टिकत नाही, म्हणून ते सोसायला शिक.

ऐकायला सोपं आहे. पण जे आलं आणि जातच नाही, त्याचं काय?

आमच्या भिवपुरीत पाऊस सरता सरता रात्री रातकिडे नुसते पेटलेले असतात. शेवटची कर्जत लोकल गेली की दुसरा आवाजच नाही. मुंबईहून शांतता शोधत इथे येणाऱ्यांतल्या काहींना नेमकी हीच शांतता नको होते. कारण खिडकी लावली, बाहेरचे रातकिडे थांबले, तरी एक आतला चालूच राहतो. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर नाचून, ढोल-ताशा पथकात महिनोन्‌महिने वाजवून किंवा हेडफोन फुल्ल करून जडलेला. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, आणि सुश्रुतांनी कानाच्या रोगांत कर्णनाद सांगितला आहे.

होतं काय, तर मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या नाजूक केशपेशी दुखावतात. पुष्कळदा आवाज एक-दोन दिवसांत ओसरतो. पण पेशी मेल्या तर माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग कानाकडून येणारा संदेश कमी पडतो आणि मेंदू जणू स्वतःचा व्हॉल्यूम वाढवतो, असं मानतात. म्हणून दिवसा गाडीच्या गोंगाटात काही वाटत नाही आणि पहाटे जपाला बसलं की कुंईऽऽ सुरू.

इथे दोन फसव्या वाटा आहेत. पहिली, "देव कोपला." दुसरी जास्त गोड, "मला अनाहत नाद ऐकू येतोय!" ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अनाहताचं वर्णन आहे, हठयोगप्रदीपिकेच्या चौथ्या उपदेशात नादाचं अनुसंधान आहे. पण ते साधनेतून येणारं आहे. स्पीकरसमोर उभं राहिल्यावर दुसऱ्या दिवशी आलेला आवाज ही जखम आहे. जखमेला सिद्धी म्हणू नका आणि शापही म्हणू नका.

आता श्लोकाकडे परत येऊ. येतं-जातं ते नेमकं काय? आवाज कदाचित राहील. पण त्याचं टोचणं सारखं एकसारखं नसतं. मैत्रिणीशी गप्पा मारताना तो कुठे असतो? भजनात टाळ धरल्यावर? तो असतो, आपलं लक्ष तिथे नसतं. म्हणजे आवाज आणि त्याचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी नक्कीच येते-जाते. महिने गेले की बहुतेकांचा मेंदू त्या आवाजाला बिनमहत्त्वाचा ठरवायला शिकतो. सहाव्या अध्यायातल्या सव्विसाव्या श्लोकात सांगितलेलं कामही हेच. मन पळालं की रागावायचं नाही, हळूच परत आणायचं. शंभरदा पळालं तर शंभरदा.

पण तितिक्षा म्हणजे गप्प बसून झिजणं नव्हे. ज्या अर्जुनाला 'सोस' म्हटलं, त्यालाच पुढे 'ऊठ, लढ' म्हटलंय. तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. ऐकू येणं अचानक कमी झालं तर त्याच दिवशी. एकाच कानात आवाज, चक्कर, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर ठक्‌-ठक्‌ असेल तरी थांबू नका. आवाज घालवणारी खात्रीची गोळी अजून नाही, पण त्यापायी होणारी तगमग समुपदेशनाने कमी होते. झोप उडत असेल तर पंखा किंवा मंद आवाजातला तानपुरा लावून ठेवा. जप मनात जमत नसेल तर ओठांनी करा, नाम तेच आहे.

आणि शेवटचं, जरा कडू. हा आवाज पुष्कळांच्या कानात देवाच्या नावाने शिरलाय. ८५ डेसिबल रोज ८ तास ही कामगारांसाठीची मर्यादा मानतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटं! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कायदा बाजूला ठेवा, पण मिरवणुकीत बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोराचे कान आठवा. ते पोर 'कमी करा' म्हणू शकत नाही. ते म्हणणं आपलं काम आहे. हीसुद्धा सेवाच.

आजची साधना : पाच मिनिटं बसा. आवाज आला तर त्याला म्हणा, "बस बाबा तूही." आणि नाम चालू ठेवा. पथकात असाल तर आज इअरप्लग घेऊन ठेवा, स्वतःसाठी एक जोडी आणि शेजारच्या वादकासाठी एक.

प्रार्थना : पांडुरंगा, हा आवाज थांबव असं मागावंसं वाटतं, आणि मागतोही. पण तोवर त्याच्या पलीकडे तुला ऐकण्याची सवय लाव. आणि आमच्या भक्तीने कुणाचा कान दुखवू देऊ नकोस.

राम कृष्ण हरी!