ओरिशांचा ताल आणि पावित्र्याची सीमा

धर्माच्या समाजशास्त्रात ‘पवित्र’ या संकल्पनेची सर्वांत रूढ झालेली व्याख्या एमील द्यूरकेम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या १९१२ मधील ग्रंथापासून चालत आली आहे : जे वेगळे काढून ठेवलेले असते आणि ज्याला एरवीच्या व्यवहाराचा स्पर्श निषिद्ध मानलेला असतो, ते पवित्र. ही व्याख्या मान्य केली, तर ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या संगीताविषयी एकच निष्कर्ष संभवतो. देवतांना बोलावण्यासाठी वाजणारा ताल आधी मिरवणुकीत, मग ध्वनिमुद्रिकेत आणि पुढे परदेशांतील रंगमंचांवर पोहोचला, म्हणजे त्याचे पावित्र्य वाटेत कोठेतरी गळून पडले असले पाहिजे. बाहिया प्रांतातील साल्व्हादोर शहरात ज्यांनी हा ताल जपला त्या लोकांचे वर्तन मात्र या निष्कर्षाशी जुळत नाही. ते काही गोष्टी कमालीच्या गुप्त राखतात आणि काही सढळ हाताने वाटून टाकतात. या दोहोंमधील सीमा त्यांनी कोठे आखली आहे हे नीट पाहिले, तर पावित्र्याची एक निराळी, आणि द्यूरकेमच्या व्याख्येपेक्षा अधिक अवघड, कल्पना समोर येते.

पोर्तुगीजांनी १५४९ मध्ये वसवलेले साल्व्हादोर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होते आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजेही त्या बंदरात विसावा घेत असत. तीन शतकांहून अधिक काळात ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून उतरवली गेली, आणि ही गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट १३ मे १८८८ रोजी. या माणसांनी बरोबर आणलेल्या उपासनापद्धतींमधून एकोणिसाव्या शतकात जो धर्म आकाराला आला त्याला कांदोम्ब्ले म्हणतात. त्याची उपासनास्थाने म्हणजे तेरेइरो. प्रत्येक तेरेइरो स्वतःला एखाद्या ‘राष्ट्रा’चा मानतो, आणि येथे राष्ट्र म्हणजे भूप्रदेश नसून भाषा, विधी व वादन यांची परंपरा असते. योरुबा परंपरेतले ते केतू, फोन लोकांच्या परंपरेतले ते जेजे आणि बंटू भाषा बोलणाऱ्यांच्या परंपरेतले ते अंगोला. केतू परंपरेतील देवतांना ओरिशा म्हणतात : वीज व न्याय यांचा शांगो, गोड्या पाण्याची ओशुन, लोखंडाचा ओगुन, वाटांचा व संदेशांचा एशू.

या धर्माच्या मुळाशी ‘आशे’ ही संकल्पना आहे. आशे म्हणजे वस्तू, देह, वनस्पती, शब्द आणि ध्वनी यांत वास करणारी, काही घडवून आणणारी शक्ती. तिचे वैशिष्ट्य असे, की ती कोणत्याही ठिकाणी कायमची स्थिर नसते. विधी, नैवेद्य आणि योग्य आचरण यांनी ती वाढते, हेळसांड झाली की क्षीण होते, आणि एका व्यक्तीकडून दुसरीकडे केवळ प्रत्यक्ष सान्निध्यातूनच जाते. विरजणाचे जे असते तेच येथे दिसते : शेजारणीला दिल्याने घरचे कमी होत नाही, पण रोज दूध घालून ते जिवंत ठेवले नाही तर घरातही उरत नाही. अशा शक्तीला कुंपण घालून तिचे रक्षण होऊ शकत नाही. तिला पोसावे लागते, आणि पोसण्याची जबाबदारी कोणाची हा कांदोम्ब्लेतील मूळ प्रश्न ठरतो.

संगीताचे स्थान या पोसण्याच्या व्यवहारात आहे. तेरेइरोत आताबाके नावाचे तीन उभे ढोल असतात : सर्वांत मोठा रुम, मधला रुम्पी आणि लहान ले. अगोगो ही लोखंडी घंटा आणि दोन लहान ढोल एक ठरलेली रचना न ढळता वाजवत राहतात, आणि सर्वांत खर्जातला रुम त्यावर बोलतो, वळणे घेतो, नर्तकाच्या पावलांना उत्तरे देतो. युरोपीय संगीतात खालच्या स्वराने आधार धरायचा आणि वरच्याने विहरायचे अशी जी सवय आहे, तिच्या हे नेमके उलट आहे. ढोलांना विधिपूर्वक प्रतिष्ठा दिली जाते, वस्त्र नेसवले जाते, नैवेद्य अर्पण केला जातो. ते वाजवण्याचा अधिकार असलेल्या प्रमुख वादकाला केतू परंपरेत अलाबे म्हणतात. सार्वजनिक उत्सवात देवतांची गीते व नृत्ये ठरावीक क्रमाने होतात, या क्रमाला शिरे असे नाव आहे, आणि प्रत्येक ओरिशाचे आपापले ताल आहेत : शांगोचा अलुजा, ओमोलूचा ओपानिजे, ओशोसीचा अगेरे, ओशुनचा इजेशा. ताल वाजतो तेव्हा देवता दीक्षित भक्ताच्या देहात उतरते. मराठीत ज्याला अंगात येणे म्हणतात त्याच्याशी हे वरवर मिळतेजुळते असले, तरी येथे तो देह दीर्घ एकांतवास व दीक्षा यांनी एका विशिष्ट देवतेसाठी तयार केलेला असतो, आणि संचार झालेला ओरिशा सहसा भविष्य न सांगता नाचतो.

मुनिझ सोद्रे या बाहियातील विचारवंताने सांबाविषयीच्या १९७९ मधील आपल्या ग्रंथात या संगीताच्या लयीचे जे विवेचन केले, ते येथे उपयोगी पडते. अपेक्षित जागी आघात न देता तो पुढेमागे सरकवण्याच्या रीतीला सिंकोपेशन म्हणतात; सोद्रे यांच्या मते त्यातून निर्माण होणारी रिकामी जागा ऐकणाऱ्याच्या देहाला हाक देते आणि देह ती जागा हालचालीने भरून काढतो. हे मान्य केले, तर ताल ही मुळातच कोणाला तरी उद्देशून घातलेली साद ठरते. पण साद घातली म्हणून कोणी येतेच असे नाही. ओरिशा प्रकट होण्यासाठी ताल, पोसलेले वाद्य, अधिकारी हात आणि तयार देह ही सगळी जुळावी लागतात, आणि त्यांना जोडणाऱ्या गुप्त विधीला तेरेइरोच्या भाषेत ‘फुंदामेंतो’, म्हणजे पाया, म्हणतात. तालाची रचना कोणीही ऐकून शिकू शकतो. पाया ऐकून शिकता येत नाही. सीमा येथे आहे. ध्वनीच्या दोन बाजूंना पवित्र आणि अपवित्र असे प्रदेश नाहीत, तर ज्या संबंधात तो ध्वनी वाजतो त्या संबंधाला आत आणि बाहेर आहे.

आफोशे या प्रकारात हे सर्वांत स्पष्ट दिसते. कार्निव्हलच्या दिवसांत कांदोम्ब्लेची गीते व वाद्ये घेऊन रस्त्यावर निघणाऱ्या मंडळांना आफोशे म्हणतात, आणि त्यांचा ताल बहुधा ओशुनचा इजेशा असतो. यांतील सर्वांत प्रसिद्ध मंडळ, ‘फिल्योस दे गांधी’ म्हणजे गांधीपुत्र, साल्व्हादोरच्या गोदी कामगारांनी फेब्रुवारी १९४९ मध्ये, म्हणजे महात्मा गांधींच्या हत्येनंतर वर्षभराने, स्थापन केले. पांढरी वस्त्रे, डोक्याला पांढरे फेटे आणि गळ्यात निळ्या-पांढऱ्या मण्यांच्या माळा हा त्यांचा वेश. शांतीचे प्रतीक म्हणून निवडलेला पांढरा रंग ओशाला या आद्य, शुभ्र ओरिशाचाही रंग आहे. मिरवणूक निघण्यापूर्वी एशूला नैवेद्य देण्याचा पादे हा विधी होतो. गांधींनी कलकत्त्याच्या कालीमंदिरातील पशुबळी पाहून आत्मकथेत व्यक्त केलेली व्यथा आणि बळीला विधीचा आवश्यक भाग मानणारा हा धर्म (ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा हा अधिकार मान्य केला) यांचा मेळ बसवण्याची गरज त्या कामगारांना वाटली नाही, आणि ती वाटायला हवी होती असे म्हणणेही कठीण आहे. नाव दुरून आले, पाया घरचाच राहिला. रोझे बास्तीद या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने बाहियातील लोक दोन विश्वांमध्ये संघर्षाविना वावरतात याला ‘छेदाचे तत्त्व’ असे म्हटले होते. पण छेद या शब्दातून जी तुटकता सूचित होते ती पादेने सुरू होणाऱ्या मिरवणुकीत आढळत नाही.

पुढच्या पिढीने हेच सूत्र अधिक उघडपणे राजकीय केले. १९७४ मध्ये कुरुझू या वस्तीत स्थापन झालेले इले आइये हे केवळ कृष्णवर्णीयांचे पहिले कार्निव्हल मंडळ संस्थापक व्होव्हो यांच्या मातुःश्री, तेरेइरोच्या प्रमुख माई हिल्दा, यांच्या आशीर्वादाने उभे राहिले आणि आजही पांढरी कबुतरे सोडून मिरवणुकीला निघते. १९७९ मध्ये स्थापन झालेल्या ओलोदुमचे ढोल पॉल सायमन यांच्या १९९० च्या ध्वनिमुद्रिकेतून आणि मायकल जॅक्सन यांच्या १९९६ च्या चित्रफितीतून जगाने ऐकले. या प्रसिद्धीबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी, की बाहियातील तेरेइरोंना आपल्या उत्सवासाठी पोलिसांकडे नोंद करण्याची सक्ती होती आणि ती उठली १९७६ मध्ये. म्हणजे ढोल रस्त्यावर आणणारी पहिली मंडळे देवघरातून बाजारात जात नव्हती. पहाऱ्याखालच्या देवघरातून ती सार्वजनिक जागेवर आपला हक्क सांगायला निघाली होती.

रूप आणि पावित्र्य यांचा संबंध प्रत्येक समाजात निराळ्या रीतीने जुळतो याचा दाखला भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. जंजिऱ्याच्या इतिहासामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या सिद्दींपैकी गुजरातमधील समाज मलुंगा नावाचे, भोपळ्याचा अनुनादक जोडलेले धनुष्याकृती वाद्य बावा गोर या पिराच्या दर्ग्यावरील भक्तिनृत्यात वाजवतो. त्याच कुळातले बेरिंबाउ हे वाद्य ब्राझीलमध्ये कापोएइरा या युद्धनृत्याचे सूत्रधार झाले, कांदोम्ब्लेच्या विधीत मात्र त्याला असे स्थान नाही. आफ्रिकेच्या दोन किनाऱ्यांवरून दोन महासागरांपार गेलेल्या माणसांच्या हाती एकाच घडणीचे वाद्य राहिले आणि त्याला दोन वेगळे संबंध लाभले.

संबंध हा निकष मानला, की ‘हे संगीत कोणी घ्यावे’ या प्रश्नाचे रूपही पालटते. आत्ता जिवंत असलेली नाती पाहिली तर ती बहुधा ऋणाची नाती आहेत. इले आशे ओपो आफोंजा या १९१० मध्ये स्थापन झालेल्या तेरेइरोत शांगोचे बारा मंत्री, म्हणजे ओबा, नेमण्याची प्रथा १९३० च्या दशकात सुरू झाली, आणि कादंबरीकार जोर्जे आमादो, गीतकार दोरिव्हाल काइमी आणि चित्रकार कारिबे यांना हे पद मिळाले. पदाबरोबर तेरेइरोच्या पालनाची व संरक्षणाची जबाबदारी येते. आमादो यांनी १९४६ च्या संविधानसभेत उपासनास्वातंत्र्याची तरतूद आणली. काइमी यांनी १९७२ मध्ये गांत्वा तेरेइरोच्या वृद्ध प्रमुख माई मेनिनीन्या यांच्यावर रचलेले गीत देशभर गायले गेले. जो घेतो तो परत देण्याला बांधला जातो, आणि त्या बंधनाला एक नाव व एक आसन दिले जाते. कलेच्या जगात ‘प्रेरणा’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. येथे त्याच्या जागी सेवा उभी आहे.

लेतियेरेस लेइते (१९५९–२०२१) यांनी हाच विचार वाद्यवृंदाच्या रचनेत उतरवला. त्यांच्या ऑर्केस्ट्रा रुम्पिलेझच्या नावात तिन्ही ढोल आणि शेवटी जॅझचे अक्षर आहे. सुषिर वाद्यांसाठी लिहिलेले प्रत्येक वाक्य तेरेइरोच्या तालरचनेतून काढायचे, घंटेच्या रेषेला बांधायचे, असा त्यांचा दंडक होता, आणि मंचावर तालवादक औपचारिक पोशाखात मध्यभागी, तर तुतारी व सॅक्सोफोनवाले साध्या अर्ध्या विजारीत असत. जॅझ वाद्यवृंदात आफ्रिकी ढोलाला रंग भरण्यापुरते बोलावण्याची जी रीत विसाव्या शतकात पडली होती, तिला दिलेले हे उत्तर शब्दांपेक्षा नेमके आहे. ओरिशा तेथे येत नाहीत, आणि ते येतात असा दावाही लेइते यांनी केला नाही.

तरीही या भूमिकेत एक उणीव आहे आणि ती झाकता येत नाही. रूप संबंधापासून सुटे होऊ शकते असे मानले, तर ते सुटे करण्याचा मार्ग विरोधकालाही मोकळा होतो. अकाराजे हा पामतेलात तळलेला चवळीचा वडा इयान्सां या वादळाच्या देवतेचा नैवेद्य. साल्व्हादोरच्या रस्त्यावर तो विकणाऱ्या स्त्रियांचा व्यवसाय राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदलेला आहे. अलीकडे काही नवपेन्टेकोस्टल ख्रिस्ती विक्रेत्या तोच वडा ‘येशूचा वडा’ या नावाने विकतात. चव तीच, पाककृती तीच, आणि ज्या देवतेची ती आहे तिला सैतान ठरवलेले. हे केवळ नामांतर नाही हे माई जिल्दा यांच्या मृत्यूने दाखवून दिले : १९९९ मध्ये अशाच एका पंथाच्या वृत्तपत्राने त्यांचे छायाचित्र भोंदूगिरीविषयीच्या लेखाबरोबर छापले, त्यानंतर त्यांच्यावर हल्ले झाले आणि २१ जानेवारी २००० रोजी त्या वारल्या, तो दिवस २००७ पासून ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. ओपो आफोंजाच्या प्रमुख माई स्तेला यांनी १९८३ मध्ये अन्य तेरेइरोंच्या प्रमुखांसह ओरिशांची कॅथलिक संतांशी घातलेली सांगड नाकारणारे निवेदन प्रसिद्ध केले, ते याच उणिवेच्या संदर्भात वाचले पाहिजे. संतांचे मुखवटे गुलामगिरीच्या काळात आवश्यक होते, आता ते उतरवावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांनी दारे मात्र बंद केली नाहीत : त्या वृत्तपत्रांतून लेखन करीत राहिल्या आणि २०१३ मध्ये बाहियाच्या साहित्य अकादमीवर निवडून आल्या. त्यांचा विरोध देवाणघेवाणीला नव्हता. देणाऱ्याचे नाव पुसून टाकणाऱ्या घेण्याला होता.

ताल आणि देवता यांचे नाते बाहेरच्या माणसासाठी कितपत खरे असते, याची सर्वांत विचित्र साक्ष गिटारवादक बादेन पावेल यांच्याकडून मिळते. त्यांनी कवी व्हिनिसियस दे मोराइस यांच्यासह १९६६ मध्ये ओरिशांच्या तालांवर व गीतांवर आधारित ‘ओस आफ्रो-सांबास’ ही ध्वनिमुद्रिका केली आणि ब्राझीलच्या शहरी संगीताला नवी दिशा दिली. आयुष्याच्या उत्तरार्धात ते इव्हँजेलिकल ख्रिस्ती झाले. त्यानंतर त्या गीतांमधला ‘सारावा’ हा ओरिशांच्या उपासकांचा अभिवादनाचा उद्गार उच्चारण्यास ते नकार देऊ लागले. ती गीते कित्येक जण निव्वळ सुंदर संगीत म्हणून गातात आणि उद्गारही बिनदिक्कत उच्चारतात; पण तो उच्चारला की कोणीतरी ऐकते, हे गांभीर्याने मानले ते ज्या माणसाने तो तोंडातून काढायचे सोडले त्याने.