माफी कोणी द्यायची?

‘अमेंड्स’ला मराठीत काय म्हणावं? अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बारा पायऱ्यांपैकी आठव्या पायरीवर, आपण ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची असते. नवव्या पायरीवर त्यांच्याकडे जाऊन हे अमेंड्स करायचे. ‘भरपाई’ म्हटलं की विमा कंपनी आठवते. ‘प्रायश्चित्त’ माणूस धर्मासमोर घेतो. ज्याचं नुकसान झालं, त्यानं तिथे हजर असायची गरजच नसते. ‘क्षमायाचना’ तोंडी आटोपते. अशी पत्रकं भाषांतरित करताना मी शेवटी ‘केलेलं नुकसान भरून काढणं’ असं लांबलचक लिहून मोकळी होते. पण शब्द अडतो तिथे बहुधा विचारही अडलेला असतो.

1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद भेटले. दोघंही दारूत बुडालेले. डॉक्टरांच्या आणि धर्मगुरूंच्या उपदेशानं जे जमलं नव्हतं, ते एका दारुड्यानं दुसऱ्याशी बोलल्यानं जमू लागलं. या गटात यायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव नाही. पुन्हा घसरलात तरी परत या, खुर्ची आहेच. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं ‘मुक्तांगण’ सुरू केलं, तिथेही बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक होत गेले.

हा उदारपणा मला पटतो. व्यसन सुटण्याचा संबंध आपण फार काळ मनोनिग्रहाशी जोडला, आणि निग्रह कमी पडलेल्याला नालायक ठरवलं. खरं तर गावाकडे हे वेगळं ठाऊक होतं. गळ्यात तुळशीची माळ घातलेल्याला कोणी पेला पुढे करत नाही. त्याचं व्रत थोडं थोडं सगळं गावच पाळतं. फरक इतकाच की माळ चारचौघांत दिसते आणि गट नाव झाकतो. माळकरी प्यायला तर गाव हसतं. गटात कोणी हसत नाही, कारण तिथे बसलेला प्रत्येक जण कधी ना कधी तसाच घसरलेला असतो.

पण गटाला हा उदारपणा परवडतो तो का? कारण त्यानं गटाचं काही नेलेलं नसतं. पीएफचे पैसे, मुलीची फी, बायकोच्या बांगड्या, हे सगळं गेलं ते घरातून. हाना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’मध्ये क्षमा आणि वचन या दोन गोष्टींची जोडी लावली आहे. झालेलं कृत्य मागे घेता येत नाही, त्यावर क्षमा. उद्याचं काही सांगता येत नाही, त्यावर वचन. गट वचनाच्या बाजूनं विलक्षण काम करतो. वचन इतकं लहान करतो की ते पेलावं: फक्त आजचा दिवस. क्षमेच्या बाजूनं मात्र गटाच्या हाती काहीच नाही. दुसऱ्याचं देणं माफ करण्याचा अधिकार तिसऱ्याला कुठून मिळणार?

समाज मात्र तो सर्रास वापरतो. दारू सोडून वर्ष झालं की शाल-श्रीफळ. बायकोला मंचावर बोलावून विचारायचं, ‘वहिनी, आता कसं वाटतंय?’ घरी सासूबाई, नणंदा, शेजारी: ‘एवढा सुधारलाय तो, आता तरी मागचं सोड.’ त्याला आधार म्हणून जे जमतं, त्याची वसुली तिच्याकडून होते. ती गप्प राहिली तर ‘तुझ्यामुळे पुन्हा पिईल’ ही धमकीही ठरलेली. हा आधार आहे असं मी मानायला तयार नाही.

नवव्या पायरीतच एक अट आहे, सहसा घाईत वाचली जाणारी: ज्यानं त्यांना किंवा इतरांना इजा होईल, असं असेल तर नाही. म्हणजे कधी कधी माफी मागायला जाणं हीच नवी इजा असते. आणि नीट पाहिलं तर ती पायरी सगळं काम त्याला सांगते. तिनं माफ करावं असा शब्द तिथे नाही. त्यानं पगार घरी आणावा, मुलीच्या शाळेत जावं, आणि उत्तराची वाट न पाहता हे करत राहावं.

बायकांचे वेगळे गट म्हणूनच लागले. अमेरिकेत 1951 साली अल-अ‍ॅनॉन उभं राहिलं, मुक्तांगणमध्ये ‘सहचरी’. अशाच एका खोलीत एक बाई सांगत होती, नवरा सहा वर्षं प्यायला नाही, भाजीही निवडून देतो. ‘पण रात्री दाराची कडी वाजली की मी अजून पैशांचा डबा बघून येते,’ ती म्हणाली. बाकीच्या नुसत्या ऐकत होत्या. माफ कर असं कोणी म्हटलं नाही. थोड्या वेळानं दुसरीनं तिला विचारलं, डबा ठेवतेस कुठे?