गप्प राहू नका, माउली

माउलींनो, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग आहे असे डॉक्टरांनी सांगितले, की बाई आधी रडत नाही; ती गप्प होते. जागाच अशी, बोलावे कसे? मग मनातल्या मनात हिशेब सुरू : कोणते पाप फळाला आले? आम्ही स्पष्ट सांगतो, हे पापाचे फळ नव्हे. एचपीव्ही नावाचा विषाणू संसारी माणसांत सर्रास आढळतो. तो वर्षानुवर्षे शरीरात टिकून राहिला तर हा रोग उद्भवू शकतो. वेळीच कळला तर बराही होतो. जनाबाई तर विठ्ठलाशी भांडल्यासुद्धा! तुम्हीही रडा, देवावर रागवा; पण बहिणीला, जावेला सांगा, उपचाराची तारीख चुकवू नका. आणि घरधनीहो, दवाखान्यात तिच्याबरोबर तुम्हीच जा. यंदाची वारी राहिली तर राहू द्या.